कारण : पाहिलं

३ सप्टेंबर

चि. भिंग्या,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस. आधी बस, पाणी पी, मग पुढे वाच. तुझी आत्या कॉलेजात जायला लागली आहे.

आपल्या इथल्या कॉलेजात पन्नाशीपुढच्या माणसांसाठी प्रत्येक वर्गात दोन जागा राखून ठेवलेल्या असतात. आठ वर्षं त्या रिकाम्या आहेत, असं खिडकीतल्या कारकुनानं मला सांगितलं. सूर असा की यंदाही रिकाम्या राहिल्या तर बरं. मी म्हटलं, "दादा, रिकामी जागा बघून गप्प बसणं मला युनियनमध्ये कधी जमलं नाही, इथे काय जमणार?" त्यानं यादी पुढे केली. शिवणकाम, बागकाम, पत्रव्यवहार, आणि सगळ्यात खाली 'ताऱ्यांची ओळख : प्राथमिक अभ्यासक्रम'. त्याचं बोट बागकामावर होतं. मी ते धरून खाली सरकवलं.

पहिल्याच तासाला बाईंनी विचारलं, "लाल तारा जास्त तापलेला की पांढरा?" बाई म्हणजे आमच्या शिक्षिका, वय तुझ्याहून दोन-तीन वर्षांनी कमीच असेल. अठ्ठावीस पोरं एका सुरात म्हणाली, "लाल!" नळाच्या तोटीवर लाल ठिपका म्हणजे गरम, एवढंच बिचाऱ्यांनी पाहिलेलं. मला हसू आवरेना. बाई म्हणाल्या, "आजी, का हसलात?" मी म्हटलं, "बाई, लाल म्हणजे आत्ता कुठे जागी झालेली भट्टी. लालच्या पुढे नारिंगी, मग पिवळा, मग पांढरा. काच वितळवायची तर लालवर भागत नाही. पांढऱ्याच्या पुढे काय ते मी पाहिलं नाही. तिथवर गेलो असतो तर भट्टीच्या विटाच वाहून गेल्या असत्या." बाई म्हणाल्या, "पुढे निळा."

भिंग्या, काच कारखान्यात एकतीस वर्षं झरोक्याला डोळा लावून भट्टीचा ताव, म्हणजे ती किती तापली ते, सांगत आले, आणि तिच्या वरच्या पायरीवर आकाश आहे, हे मला साठाव्या वर्षी कळलं. रागही आला. हे कुणी आधी का सांगितलं नाही? ज्ञान काय कुणाच्या परड्यातली विहीर आहे?

तू तिकडे इंजिनिअरिंगच्या पोरांना पदार्थविज्ञान शिकवतोस. मला घातांकाचं गणित अडतं, तेवढं सोपं करून लिहून पाठव.

तुझी,
आत्या

१४ सप्टेंबर

ती. आत्यास,
नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तब्येत ठीक असेल असं गृहीत धरतो. कॉलेजचा तो वर्ग दुसऱ्या मजल्यावर असणार, आणि तुझे गुडघे तुला माहीत आहेत. हौस असेल तर ताऱ्यांच्या सुंदर चित्रांचं एक पुस्तक पाठवतो, घरी आरामात बघता येईल. या अभ्यासक्रमात पुढे बरीच आकडेमोड येते. अर्ध्यात सोडावं लागलं तर तुलाच वाईट वाटेल.

घातांकाचं टिपण सोबत आहे.

एक गोष्ट तुझ्या कानावर घालतो. त्याच कॉलेजात पदार्थविज्ञानाची जागा निघाली आहे आणि मी अर्ज केला आहे. मुलाखत जानेवारीत. मिळाली तर मला गावी परत येता येईल. तोपर्यंत तिथे माझं नाव काढू नकोस. वशिल्याची शंका यायला नको, एवढंच.

तुझा,
भिंग्या

२ ऑक्टोबर

चि. भिंग्या,

टिपण पोचलं. पुस्तक नको. चित्रं बघायची असती तर मी कॅलेंडर आणलं असतं.

गुडघ्यांची चौकशी केलीस, ते म्हणतात बरे आहोत. बेचाळीस पायऱ्या आहेत. एकविसाव्या पायरीवर मी थांबते, तिथल्या खिडकीतून कॉलेजचं आवार दिसतं. माझ्याबरोबर पोस्टमनची मुलगी थांबते, ती वर्गात माझ्या शेजारी बसते. तिचे गुडघे उत्तम आहेत, तरी थांबते. परवा मला म्हणाली, "आजी, तुम्ही वर्गात रोज आधी कशा येता?" मी म्हटलं, "पोरी, भट्टीवर पाळी घ्यायची तर पंधरा मिनिटं आधी यायचं. आधीच्या माणसाच्या हातातून ताव घ्यायचा असतो, दारातून घ्यायचा नसतो." ती सवय काही जात नाही. प्रयोगशाळा उघडी असते, मी एकटी जाऊन बसते, फळा पुसते.

आणि काय काय शिकले म्हणून सांगू! मोठा तारा लवकर मरतो. पोटात इंधन जास्त, पण जाळतो त्याहून कितीतरी पटीनं. लहान तारा जपून जाळतो आणि टिकतो. पोरांना हे पाठ करावं लागलं. मला मोठी भट्टी आणि धाकटी भट्टी डोळ्यांसमोर दिसली. ताऱ्याचा उजेड काचेच्या लोलकातून फाकवला की रंगांची पट्टी होते, तिच्यात काळ्या रेषा असतात, आणि त्या रेषांवरून तारा केवढा तापलेला आहे हे ओळखतात. ते अजून माझ्या नीट अंगवळणी पडलं नाही. रंग दिसत असताना रेषा कशाला मोजायच्या?

तुझं नाव काढणार नाही. वशिला मी आयुष्यात कुणाचा घेतला नाही आणि कुणाला दिला नाही. माझं नाव मात्र मी काढल्याशिवाय राहणार नाही.

आत्या

९ नोव्हेंबर

भिंग्या,

थोडक्यात लिहिते. रागात आहे, घाबरलेली नाही.

प्रात्यक्षिक परीक्षा झाली. मी उत्तरं चोरली, असा माझ्यावर आळ आहे. दहा तारे तापमानाच्या क्रमानं लावायचे होते. एक तारा बाजूला काढला तर माझे बाकीचे नऊ बरोबर क्रमात आले, आणि गुण तसेच मोजतात. वर्गात दुसऱ्या कुणाचेही सहाच्या वर नाहीत. उत्तरांचा कागद आदल्या दिवसापासून बाईंच्या टेबलाच्या खणात होता, खणाला कुलूप नव्हतं, आणि परीक्षेच्या दिवशी सगळ्यांच्या आधी खोलीत एकटी कोण होती? मी. शिवाय प्रत्येक ताऱ्यापुढे 'कारण' लिहायला रकाना होता. त्यात मी दहाही ठिकाणी एकच शब्द लिहिला आहे : 'पाहिलं.'

विभागप्रमुख म्हणाले, "काय पाहिलं? उत्तरांचा कागद?"

अठ्ठावीस तारखेला चौकशी आहे.

आत्या

१४ नोव्हेंबर

ती. आत्यास,

पत्र वाचून फार वाईट वाटलं. तू चोरी करणार नाहीस हे मला कुणी सांगायला नको. पण आत्या, शांतपणे विचार कर. तुला पदवी घ्यायची नाही, नोकरी मिळवायची नाही. रकान्यात कारणं लिहिलेली नाहीत, हे तर खरंच आहे. 'नियम नीट समजले नव्हते, क्षमस्व' असं दोन ओळींचं पत्र दे आणि अभ्यासक्रमातून नाव काढून घे. प्रकरण तिथेच मिटेल. चौकशीत तू भाषण करशील, मग गावभर होईल.

मुलाखतीच्या तोंडावर हे नको होतं, हेही खरं. रागावू नकोस.

भिंग्या

१८ नोव्हेंबर

चि. भिंग्या,

रागावू नकोस, असं लिहिण्याआधी माणसानं राग येईल असं लिहू नये.

क्षमा कशाची मागू? बरोबर आल्याची? विभागप्रमुखांना मी विचारलं, "साहेब, माझे चारच बरोबर आले असते तर तुम्ही माझी चौकशी केली असती का?" त्यांनी चौकशीची तारीख पुन्हा वाचून दाखवली. हीच गोष्ट आहे बघ! म्हातारी बाई चुकली तर सगळे कौतुकानं हसतात, 'या वयात केवढी हौस' म्हणून पाठ थोपटतात. बरोबर आली की खण उघडून बघतात. कष्टाच्या हाताला काही येत असेल तर ते त्यानं कुठून तरी उचललेलंच असणार, हा यांचा पहिला सिद्धांत. तो कुठल्याच पुस्तकात छापलेला नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. कारखान्याच्या दारात उभी राहून मी याच सिद्धांताविरुद्ध घसा फोडला आहे. आता कॉलेजच्या दारात मुकाट्यानं मान खाली घालू?

'पाहिलं' का लिहिलं, ते सांगते. भट्टीची वही असायची. दर तासाला झरोक्यातून बघायचं, ताव किती तो आकडा लिहायचा, आणि कारणाच्या जागी 'पाहिलं' लिहून सही करायची. एकतीस वर्षं तेच लिहिलं. पुढे भिंतीवर यंत्र बसलं, तेव्हा आधी सहा महिने यंत्र बरोबर आहे की नाही ते माझ्या वहीशी ताडून बघत होते. त्या शब्दावर टनांनी काच ओतली गेली, आणि इथे तो चोरीचा पुरावा!

पण तुला खरं सांगू? चोरीच्या आळापेक्षा मला तो चुकलेला सातवा तारा छळतोय. दहा ताऱ्यांचे रंगीत फोटो होते, प्रत्येकाखाली त्याच्या उजेडाची रेषांची पट्टी. पट्ट्यांकडे मी बघितलंच नाही. रंग बघितले आणि लावत गेले. सातवा चक्क तांबूस होता. मी त्याला थंडातल्या थंडांत, शेवटून दुसरा ठेवला. उत्तरात तो वरून दुसरा! जळजळीत तापलेला, निळ्यांच्या पंगतीतला. माझा डोळा एवढा कसा फसला? एकतीस वर्षांत एवढा कधी फसला नव्हता. एकदाच, चिमणी तुंबून भट्टीत धूर कोंडला होता तेव्हा.

नाव काढून घेणार नाही. तुझं नावही घेणार नाही.

आत्या

२१ नोव्हेंबर

आत्या,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. शेवटच्या वेळी उभा राहून वाचलं.

धूर! तूच लिहिलं आहेस आणि तुझ्याच लक्षात आलं नाही. तुझ्या सातव्या ताऱ्याच्या आणि आपल्या मधे धूळ आहे. अवकाशात अशी धूळ ठिकठिकाणी पसरलेली असते. ती निळा उजेड अडवते आणि तांबडा पुढे जाऊ देते. त्यामुळे तारा असतो त्याहून लाल, म्हणजे असतो त्याहून थंड दिसतो. त्याच्या पट्टीतल्या रेषा मात्र जागच्या हलत नाहीत. म्हणून रेषा बघायच्या असतात. सातवा तारा परीक्षेत त्यासाठीच ठेवला होता, रंगावर विसंबणाऱ्याला पकडायला.

आता नीट ऐक. उत्तरांचा कागद चोरणाऱ्याचा सातवा तारा चुकला नसता. ते म्हणतील, संशय येऊ नये म्हणून एक मुद्दाम चुकवला. मुद्दाम चुकवणारा शेजारचे दोन तारे अदलाबदल करतो. तू एकाच ताऱ्याला या टोकावरून त्या टोकाला नेलंस, नेमकं तिथे, जिथे त्याचा दिसणारा रंग त्याला नेतो. ही चूक कागद बघून करता येत नाही. ती फक्त डोळा करू शकतो, आणि तोही कसलेला डोळा. आत्या, तुझी चूकच तुझी साक्षीदार आहे!

हे सगळं मी विभागप्रमुखांना सविस्तर लिहून आजच पाठवलं आहे. खाली माझं पूर्ण नाव, हुद्दा, मुलाखतीला बोलावलेला उमेदवार असल्याचा उल्लेख, आणि तुझं-माझं नातं. नाव काढू नकोस म्हणालो होतो, आता मीच काढलं आहे. वशिला म्हणायचा असेल तर म्हणू देत.

आणखी एक. वशिल्याची शंका हे कारण खोटं होतं. माझ्या पदवीच्या दिवशी मी तुझी आमच्या प्राध्यापकांशी ओळख करून दिली होती, 'काच कारखान्याच्या कचेरीत होत्या' म्हणून. अकरा वर्षं इथे मी तेच सांगत आलो. तिथल्या कुणाला खरं कळू नये, म्हणून माझं नाव काढू नकोस म्हणालो. बाप गेल्यावर ज्या भट्टीवर मी वाढलो, ती मला लपवावीशी वाटली. याची क्षमा दोन ओळींत मागता येत नाही. तुला दोन ओळी लिहायला सांगत होतो, याचीही लाज वाटते.

तुझा,
भिंग्या

३० नोव्हेंबर

चि. भिंग्या,

बस. पाणी पी.

परवा चौकशी झाली. प्रयोगशाळेतच. विभागप्रमुख, बाई, आणखी एक प्राध्यापक, आणि दाराबाहेर पोस्टमनची मुलगी. तिला आत यायची परवानगी नव्हती, म्हणून दाराच्या काचेला नाक लावून उभी होती. मी भाषण केलं नाही. तुला आश्चर्य वाटेल, मला जास्त वाटलं.

विभागप्रमुखांनी तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. 'या माझ्या आत्या. काचेच्या भट्टीवर त्यांनी एकतीस वर्षं काम केलं. तापलेल्या वस्तूच्या रंगाविषयी मला जे काही कळतं, त्याचा पहिला धडा मी त्यांच्याकडून घेतला.' इथवर आले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. तो दोष माझा, त्यांचा आवाज खणखणीत आहे.

तरी ते म्हणाले, "युक्तिवाद छान आहे, पण हा डोळा आम्ही पाहिलेला नाही." मी म्हटलं, "मग पाहा ना साहेब! त्यासाठीच बसले आहे."

बाईंनी एक दिवा आणला, बटण फिरवून कमीजास्त होणारा. पलीकडच्या बाजूनं दुरून ताव मोजायचं यंत्र लावलं. आकडा त्यांना दिसावा, मला नाही. पडदे ओढले. दिवा लागला. मी म्हटलं, "अकराशे ऐंशी." यंत्रात बाराशे. बटण फिरलं. "तेराशे वीस." यंत्रात तेराशे तीस. तिसऱ्या खेपेला मी चौदाशे दहा म्हटलं आणि यंत्रातही चौदाशे दहा. दाराबाहेर कुणीतरी टाळी वाजवली. कोणी ते चौकशी अहवालात येणार नाही.

मग मीच म्हटलं, "आता मला फसवून दाखवा." एका काचेवर मेणबत्तीची काजळी धरायला लावली आणि ती माझ्या डोळ्यांपुढे धरायला सांगितली. दिवा लागला. जे दिसलं ते मी प्रामाणिकपणे सांगितलं : "साडेबाराशे." यंत्रात साडेचौदाशे. मी म्हटलं, "हा तुमचा सातवा तारा."

मग बाई उठल्या. म्हणाल्या, "सर, रेषा का बघायच्या हे मी सहा तास घेऊन शिकवलं. यांनी ते एका मिनिटात दाखवलं. मी संशय घेतला. मला माफी मागायची आहे." मी म्हटलं, "बाई, संशय घेणं तुमच्या शास्त्रात बसतं. तपासून न बघणं बसत नाही. तुम्ही तपासलंत." नऊ ताऱ्यांचे गुण मला मिळाले. विभागप्रमुख सातव्याचेही द्यायला निघाले होते, मी घेतले नाहीत. मी चुकले होते. पट्टी समोर होती, ती वाचायचा मला आळस आला. डोळ्याचा गर्व झाला होता. आता रेषा शिकते आहे.

तुझ्या कचेरीच्या गोष्टीविषयी. मी तेव्हा तिथेच उभी होते रे. ऐकलं होतं. भाजल्याचे डाग दिसू नयेत म्हणून हात पाठीमागे घेतले, तुला अवघड वाटू नये म्हणून. तेव्हापासून तुझी पत्रं आली की मला वाटायचं, पोरगा थंड झाला. पट्टी वाचली नव्हती मी. तुझीसुद्धा.

परवा प्रयोगशाळेत दोन्ही हात टेबलावर ठेवून बसले होते.

आत्या

१९ जानेवारी

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

मुलाखत देऊन रात्रीच्याच गाडीनं परतलो, तासांना सुट्टी नव्हती. तुझी अभ्यासक्रमाची शेवटची परीक्षा चालू होती, म्हणून मुद्दाम घरी आलो नाही.

समोर तेच विभागप्रमुख होते. शेवटचा प्रश्न त्यांनी विचारला, "घरात या विषयातलं आणखी कुणी?" त्यांना माहीत होतं. मला म्हणायला लावायचं होतं त्यांना. मी म्हटलं, "आत्या आहेत. आधी भट्टीवर होत्या. सध्या तुमच्या विद्यार्थिनी आहेत." ते म्हणाले, "सध्या आम्ही त्यांचे आहोत."

आज पत्र आलं. जागा मला मिळाली. एक जूनपासून.

भिंग्या

२५ जानेवारी

चि. भिंग्या,
अनेक आशीर्वाद, आणि या खेपेला अभिनंदन.

माझाही निकाल लागला. पहिली नाही, तिसरी आले. पहिली पोस्टमनची मुलगी. मी तिला म्हटलं, "गुडघे चांगले असल्याचा फायदा घेतलास." पेपरात धुळीवर प्रश्न होता. दोन पानं लिहिली, रेषांसकट, आणि 'कारण' या शब्दापुढे पूर्ण कारण लिहिलं. शेवटी मात्र राहवलं नाही. खाली लिहिलं, 'पाहिलंसुद्धा.' बाईंनी त्याखाली लाल शाईनं बरोबरची खूण केली आहे.

पुढच्या वर्षापासून पहिला तास मी घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं आहे. 'तापलेल्या वस्तूचे रंग.' पगार नाही, खुर्ची आहे. मी खुर्ची घेणार नाही, उभी राहून बोलेन. बसून बोललेलं मला माझंच पटत नाही.

त्या आठ वर्षं रिकाम्या जागांपैकी दुसरीही आता भरली. भट्टीवरची माझी जुनी जोडीदारीण आली आहे. खिडकीतल्या कारकुनानं या वेळी बोट बरोबर जागी ठेवलं.

तू एक जूनला रुजू होशील. वर्ग दुसऱ्या मजल्यावर, पायऱ्या बेचाळीस. एकविसाव्या पायरीवर थांबलास तरी चालेल, मी तिथे असेनच. पण पंधरा मिनिटं आधी ये. कुणी विचारलं, एवढ्या लवकर का, तर सांग : आमच्या घरात पाळी अशीच घेतात.

तुझी,
आत्या